गादी सोडणाऱ्याचे राज्य

आफ्रिकेतील वसाहती एकामागून एक स्वतंत्र होत असताना, ३० सप्टेंबर १९६६ रोजी बेचुआनालँड हा ब्रिटिशांच्या संरक्षणाखालील मुलूख बोट्स्वाना या नावाने जगासमोर आला, तेव्हा त्याच्या भवितव्याची ग्वाही देण्यास फारसे कोणी धजले नसते. बहुतांश भूमी कालाहारीने व्यापलेली, अवर्षणाने गुरे मेलेली, डांबरी सडक नावापुरती आणि खजिना इतका रिता की दैनंदिन कारभाराचा खर्चदेखील लंडनहून येणाऱ्या अनुदानातून भागवावा लागे. फार काय, १९६५ पर्यंत या मुलखाची कचेरीच मुळी मुलखाबाहेर, दक्षिण आफ्रिकेतील मॅफेकिंगला होती!

पहिले राष्ट्राध्यक्ष सेरेत्से खामा हे बामांग्वातो जमातीच्या गादीचे वारस. १९४८ साली लंडनमध्ये त्यांनी रूथ विल्यम्स या इंग्रज तरुणीशी विवाह केला. चुलते त्शेकेडी, जे पुतण्याच्या वतीने कारभार पाहत होते, ते संतापले. परंतु सेरोवे गावच्या खोत्लामध्ये, म्हणजे जेथे प्रमुखासमोर कोणीही पुरुष उठून आपले मत मांडू शकत असे त्या पंचायतीच्या आवारात, हा प्रश्न पुनःपुन्हा चर्चिला गेल्यावर जमातीने अखेर सेरेत्सेंच्या बाजूने कौल दिला. दक्षिण आफ्रिकेच्या वर्णद्वेष्ट्या सरकारची मर्जी राखू पाहणाऱ्या ब्रिटिशांनी मात्र त्यांना हद्दपार केले. १९५६ साली ते परतले ते गादीवरील हक्क लेखी सोडून देऊन, सामान्य नागरिक म्हणून. आणि ज्या सत्तेवर जन्माने अधिकार होता, तिच्याहून मोठी सत्ता त्यांनी पुढे मतपेटीतून मिळवली.

या त्यागाची खरी कसोटी लागली ती खनिजांच्या बाबतीत. भूगर्भातील संपत्तीवरील हक्क ज्या त्या जमातीकडे न राहता राष्ट्राकडे यावेत, असा कायदा १९६७ साली झाला, आणि त्याच वर्षी ओरापा येथे हिऱ्यांचा मोठा साठा सापडला तो नेमका बामांग्वातोंच्या प्रदेशात. स्वजनांच्या पदरात पडू शकणारे घबाड सरकारी खजिन्यात जमा करणारे राज्यकर्ते विरळाच; कितीतरी देशांत याच टप्प्यावर प्रांताप्रांतांत यादवी पेटली आहे. डी बिअर्स या बलाढ्य कंपनीशी झालेल्या पहिल्या करारात सरकारचा हिस्सा १५ टक्के होता. ओरापाच्या खाणीचा अंदाज आल्यावर खामांच्या सरकारने पुन्हा वाटाघाटी करून तो १९७५ पर्यंत निम्म्यावर नेला. पैसा आला, तो योजनाबद्ध रीतीने शाळा, दवाखाने, सडका व पाणीपुरवठा यांवर खर्च झाला. स्वदेशीकरणाच्या घाईत अननुभवी माणसे नेमण्यापेक्षा परदेशी सनदी नोकर काही काळ ठेवून घ्यावेत, हा निर्णय मानी लोकांना रुचला नाही, पण दप्तर चोख राहिले ते त्यामुळेच.

या सुराज्याचे स्तोत्र गाण्याचे मात्र कारण नाही. संपत्तीची विषमता तेथे आजही विलक्षण आहे, हिऱ्यांवरचे अवलंबित्व सुटलेले नाही, आणि कालाहारीतील सान लोकांना त्यांच्या पूर्वापार भूमीतून उठविण्याचा सरकारी हुकूम २००६ साली न्यायालयाला बेकायदा ठरवावा लागला. शिवाय एकच पक्ष ५८ वर्षे सत्तेवर राहिला, ही गोष्टही निकोप म्हणता येत नाही.

तरीही १९८० साली खामा निवर्तल्यावर सत्ता घटनेनुसार क्वेट मसिरे यांच्याकडे गेली, मसिरे १९९८ साली आपण होऊन पायउतार झाले, आणि पुढच्या अध्यक्षांनी घटनेने घातलेली दहा वर्षांची मुदत मोडली नाही. ऑक्टोबर २०२४ च्या निवडणुकीत खामांनी स्थापिलेला पक्ष पराभूत झाला, तेव्हा अध्यक्ष मसिसी यांनी मतमोजणी पुरी होण्यापूर्वीच पराभव मान्य केला आणि विरोधी पक्षाच्या ड्युमा बोको यांनी अध्यक्षपदाची शपथ घेतली.