जुन्या सायकलीच्या चाकांचा जीर्णोद्धार

वरळीच्या हिंद सायकल्स कारखान्यात घडलेली सायकल, किंवा विलायतेहून आलेली एखादी रॅले, गिरगावातील अथवा लालबागेतील चाळीच्या जिन्याखाली गंजत उभी असेल, तर तिची चाके भंगारात देण्यापूर्वी त्यांची साक्षेपाने तपासणी करावी, अशी सायकलप्रेमींस विनंती आहे.

जुन्या इंग्रजी धाटणीच्या २८ इंची सायकलींत पुढच्या चाकास ३२ आणि मागच्यास ४० तारा, अशी वाटणी रूढ होती. स्वाराचा व ओझ्याचा बहुतांश भार मागे पडतो, हे तिचे कारण. म्हणून नवी रिम घेण्यापूर्वी हबच्या भोकांची खातरजमा करावी.

समुद्राच्या खाऱ्या हवेने क्रोमवर चढलेला वरवरचा गंज, तेलाचा हात देऊन अ‍ॅल्युमिनियमच्या चुरगळलेल्या कागदाने हलकेच घासल्यास निघतो. काचकागद मात्र सर्वथा वर्ज्य, कारण तो मुलामाच खरवडून टाकतो. हबमधील छर्रे झिजले असल्यास सगळेच बदलून नवे ग्रीस भरावे.

अखेरीस चाकाचा आउट, म्हणजे वाकडेपणा, काढताना, रिम ज्या अंगास झुकली असेल त्याच्या विरुद्ध अंगाच्या तारांची निपले पाव-पाव फेऱ्याने आवळावीत आणि झुकलेल्या अंगाच्या तारा तितक्याच सैल कराव्यात. एकाच अंगाच्या तारा ताणीत गेल्यास चाकाची गोलाई बिघडते.