तिकिटावरचे तीन तास

उमराहचे तिकीट हातात आले, तेव्हा कोंढव्यातल्या आमच्या घरी अम्मी ते पाहून म्हणाल्या, "सकाळी दहाला मुंबईहून निघून दुपारी एकला जिद्दा? म्हणजे तीनच तास!"

तिकिटावर प्रत्येक वेळ त्या-त्या गावच्या घड्याळाची असते. सौदीचे घड्याळ आपल्या अडीच तास मागे आहे. म्हणजे प्रवास साडेपाच तासांचा. परतताना याच्या उलट: तिथून दुपारी एकला सुटलेले विमान पाच तास उडून मुंबईत रात्री साडेआठला उतरते. आकाशात उंचावर पश्चिमेकडून वारे वाहतात. जाताना ते समोरून येतात, येताना पाठीशी असतात. म्हणून परतीला वेळ कमी लागतो. अम्मींना मधुमेह आहे. त्यामुळे गोळ्या आणि जेवण कोणत्या घड्याळाप्रमाणे घ्यायचे, हे आम्ही डॉक्टरांना आधीच विचारून घेतले.

पुणे ते जिद्दा हे सरळ रेषेत सुमारे 3,640 किलोमीटर अंतर आहे. पण आमचे विमान मुंबईहून होते. मुंबई–जिद्दा साधारण 3,500 किलोमीटर. त्याआधी दीडशे किलोमीटरचा रस्ता आणि घाटातली कोंडी. विमानतळावर तीन-चार तास आधी पोहोचायचे. जिद्दाला उतरल्यावर पासपोर्टची रांग, सामान आणि मक्केपर्यंतचा रस्ता. घराच्या उंबरठ्यापासून मोजले तर सोळा-सतरा तास होतात. वयस्कर माणसांना हे एका दमात झेपत नाही. म्हणून आम्ही आदल्या संध्याकाळीच कुर्ल्याला नातेवाइकांकडे मुक्कामाला गेलो.

आमचे दादा हजला बोटीने गेले होते. मोगल लाइनची जहाजे मुंबईहून जिद्दाला जात. 1995 पासून हा समुद्रप्रवास बंद झाला. त्यांना आठवड्याहून जास्त दिवस लागत. मीकात जवळ येईपर्यंत गुसल, एहराम, नियत सगळे निवांत होई.

विमान मात्र ताशी नऊशे किलोमीटर, म्हणजे मिनिटाला पंधरा किलोमीटर जाते. जिद्दा येण्यापूर्वीच, आकाशातच, मीकात ओलांडली जाते. विमानात तशी सूचना देतात. पण सूचनेच्या वेळी अब्बांना डुलकी लागली होती. आम्ही हलवून जागे केले. एहरामच्या चादरी त्यांनी कुर्ल्यालाच नेसल्या होत्या, म्हणून फक्त नियत आणि तलबिया उरली होती. चादरी बॅगेत आणि बॅग विमानाच्या पोटात असती, तर? एहरामशिवाय मीकात ओलांडली, तर मागे परतावे लागते, नाहीतर दम म्हणून कुर्बानी द्यावी लागते.

म्हणून उमराहला निघणाऱ्या आमच्या बंधू-भगिनींना एवढेच सांगणे: तिकिटावरच्या तासांवर विसंबू नका, घरापासूनचे तास मोजा. पुरुषांनी एहराम विमानात बसण्याआधीच नेसावा. आणि शेजारी कुणी बुजुर्ग झोपले असतील, तर मीकातच्या आधी त्यांना हळूच जागे करा.