रणगाडे बुडापेस्टला, कर्ज भिलाईला
पोलादाची परराष्ट्रनीती : भाग ४

दुर्गहून रायपूरकडे जाताना भिलाई मागे पडले की चरोद्याचे रेल्वे यार्ड लागते. रेल्वेवाल्यांच्या तोंडी ते ‘बीएमवाय’, म्हणजे भिलाई मार्शलिंग यार्ड. कोळशाच्या मालगाड्या, रिकाम्या वाघिणी, इंजिने यांतच या गावाचा दिवस जातो. अशा ठिकाणाचा हंगेरीतल्या रक्तपाताशी काय संबंध, असे कोणालाही वाटेल. पण भिलाईचे मीठ खाल्ल्यामुळे दिल्लीची जीभ मॉस्कोपुढे उचलत नाही, हा आरोप फार जुना आहे आणि अजूनही अधूनमधून डोके वर काढतो. तो कितपत खरा, ते या भागात पाहू.

भिलाईसाठी सोव्हिएत संघाशी करार झाला २ फेब्रुवारी १९५५ रोजी. वर्षाला दहा लाख टन पोलादाचा कारखाना, अडीच टक्के व्याज, बारा वार्षिक हप्ते आणि फेड रुपयांत. परकीय चलनाची चणचण असलेल्या देशाला यातली शेवटची अट सगळ्यांत गोड होती. त्याच वर्षाच्या अखेरीस सोव्हिएत नेते ख्रुश्चेव्ह आणि बुल्गानिन भारतात आले. श्रीनगरला जाऊन त्यांनी काश्मीर भारताचेच असल्याचे जाहीर केले, गोव्यावरचा भारताचा हक्कही मान्य केला. अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री डलेस मात्र त्याच सुमारास पोर्तुगालच्या परराष्ट्रमंत्र्यांबरोबरच्या संयुक्त पत्रकात गोव्याला पोर्तुगालचा ‘प्रांत’ म्हणत होते. या दोन गोष्टी लक्षात ठेवा, पुढे लागतील.

१ नोव्हेंबर १९५६ला राज्यपुनर्रचना झाली. तोवर दुर्ग जिल्हा ज्या राज्यात होता, त्याची राजधानी नागपूर होती. त्या दिवसापासून नागपूर द्विभाषिक मुंबई राज्यात गेले आणि भिलाईची सरकारी कागदपत्रे भोपाळच्या वाटेला लागली. मराठी मुलुखात तेव्हा संयुक्त महाराष्ट्राशिवाय दुसरा विषय नव्हता. तीनच दिवसांनी, ४ नोव्हेंबरला, हंगेरीतला उठाव चिरडायला सोव्हिएत रणगाडे दुसऱ्यांदा बुडापेस्टमध्ये घुसले. सुमारे अडीच हजार हंगेरियन मारले गेले, दोन लाखांच्या आसपास लोक देश सोडून पळाले.

त्याच आठवड्यात इस्रायल, ब्रिटन आणि फ्रान्सची इजिप्तवर चढाई चालू होती. सुएझच्या प्रश्नावर नेहरू तत्काळ आणि खणखणीत बोलले. हंगेरीबाबत मात्र माहिती अपुरी आहे, चित्र गोंधळाचे आहे, असा सूर. ५ नोव्हेंबरला दिल्लीत युनेस्कोच्या परिषदेत त्यांनी दोन्हींबद्दल दुःख व्यक्त केले खरे, पण संयुक्त राष्ट्रांत वेगळेच घडत होते. ४ तारखेच्या ठरावावर भारत तटस्थ राहिला. ९ तारखेला पाच देशांचा ठराव आला. त्यात सोव्हिएत फौजा मागे घ्याव्यात आणि हंगेरीत संयुक्त राष्ट्रांच्या देखरेखीखाली निवडणुका व्हाव्यात, अशी मागणी होती. त्यावर भारताचे प्रतिनिधी कृष्ण मेनन यांनी चक्क विरोधी मत दिले. साम्यवादी नसलेल्या देशांत असे करणारा भारत एकटाच.

जयप्रकाश नारायण यांनी नेहरूंवर जाहीर टीका केली. समाजवादी मंडळी लोकसभेत तुटून पडली. त्यांचा मुद्दा साधा होता. पाश्चात्त्यांच्या बंदुका दिसतात आणि रशियाच्या दिसत नाहीत, तर या धोरणाला अलिप्तता का म्हणायचे? या टीकेला आजही सरळ उत्तर देता येत नाही.

पण कारण भिलाई होते का? मला तसे वाटत नाही. देखरेखीखालच्या निवडणुकांचे कलम आज हंगेरीला लावले की उद्या ते काश्मीरला लागू होईल, ही दिल्लीची धास्ती होती. ती खोटीही नव्हती. १९५७च्या फेब्रुवारीत सुरक्षा परिषदेत काश्मीरचा ठराव आला तेव्हा तो रशियाच्या नकाराधिकारानेच अडला. डिसेंबर १९६१मध्ये भारतीय फौजा गोव्यात शिरल्या आणि पाश्चात्त्य देशांनी युद्धबंदीचा ठराव आणला, तेव्हाही रशियाच आडवा आला. त्या वेळी ‘परक्या भूमीवरचा लष्करी हस्तक्षेप’ हा आरोप आपल्यावर होता, हे आपण मराठी लोक सोयीस्करपणे विसरतो.

यातला एक विचित्र योग सांगितलाच पाहिजे. बुडापेस्ट पेटले तेव्हा ना. ग. गोरे आणि मधु लिमये हे महाराष्ट्रातले दोन समाजवादी नेते गोव्यात पोर्तुगीजांच्या तुरुंगात होते. ते सुटले १९५७मध्ये. सोव्हिएत दडपशाहीवर सर्वांत कडाडून बोलणाऱ्या पक्षपरंपरेतली ही माणसे नाटोच्या एका सदस्य देशाची कैद भोगत होती. आणि गोवामुक्तीच्या त्यांच्या मागणीच्या पाठीशी महासत्तांपैकी उभा होता तो मॉस्को.

सरकारच्या बाजूने आणखी एक गोष्ट नोंदवायला हवी. बुडापेस्टमधले भारताचे प्रभारी प्रतिनिधी रहमान यांनी हंगेरियन लोकशाहीवाद्यांशी संपर्क ठेवला होता. इश्तवान बिबो यांचा तडजोडीचा मसुदा आर्पाद गोंत्स यांच्यामार्फत भारतीय मुत्सद्द्यांपर्यंत पोचला. १९५८मध्ये उठावाच्या वेळचे पंतप्रधान इम्रे नॉज यांना फाशी झाली. बिबो आणि गोंत्स यांना जन्मठेप झाली, आणि त्यांचा जीव वाचण्याचे श्रेय भारताच्या रदबदलीला दिले जाते. गोंत्स १९९०मध्ये हंगेरीचे राष्ट्राध्यक्ष झाले. म्हणजे पडद्याआड दिल्ली स्वस्थ बसली नव्हती. चव्हाट्यावर मात्र तिने नको ते मत दिले.

भिलाईचा आरोप मला पटत नाही याचे खरे कारण पुढच्या तारखांत आहे. १९६८च्या ऑगस्टमध्ये वॉर्सा कराराच्या फौजा चेकोस्लोव्हाकियात शिरल्या. सुरक्षा परिषदेच्या ठरावात ‘निषेध’ नको, सौम्य शब्द घ्या, असा भारताचा आग्रह होता. तो मानला गेला नाही आणि भारत तटस्थ राहिला. मुंबईच्या समाजवादी चळवळीत वाढलेले आणि तेव्हा इंदिरा गांधींच्या मंत्रिमंडळात असलेले अशोक मेहता यांनी या प्रश्नावर राजीनामा दिला. दुसऱ्या देशावरच्या आक्रमणासाठी केंद्रीय मंत्र्याने खुर्ची सोडावी, हे आपल्याकडे किती वेळा घडले?

नंतर अफगाणिस्तान. १९७९च्या डिसेंबरअखेर सोव्हिएत फौज काबूलमध्ये उतरली. जानेवारी १९८०मध्ये, इंदिरा गांधींचा शपथविधी व्हायच्या आधीच, त्यांच्या सूचनेवरून भारताचे प्रतिनिधी ब्रजेश मिश्र यांनी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत भाषण केले: मित्रदेशाच्या आश्वासनावर अविश्वास दाखवण्याचे आम्हाला कारण दिसत नाही. मतदानाला भारत तटस्थ. बारा हप्त्यांच्या हिशेबाने भिलाईचे पहिले कर्ज तोवर कधीच फिटले होते. कर्ज ताजे होते तेव्हा नेहरू निदान उशिरा का होईना बोलले; ते फिटल्यावर अळीमिळी गुपचिळी. मग जीभ कशाने बांधली होती? मिग विमानांनी, ऑगस्ट १९७१च्या मैत्री कराराने आणि सुरक्षा परिषदेतल्या त्या नकाराधिकाराने. पोलाद रुपयांत फेडता येते. संरक्षणाचे अवलंबित्व कुठल्याच चलनात फिटत नाही.

म्हणून टीकाकारांचा रोख मला चुकीच्या ठिकाणी वाटतो. भिलाईने भारताला कमी मिंधे केले, कारण कारखाना एकदा चालू झाला की तो आपला झाला. १९६०पासून रूळ इथेच बनू लागले. विमानाचे सुटे भाग मात्र दर वर्षी मागावे लागतात. सरकारने हे देशहित आहे, असे सांगितले असते तर वाद घालता आला असता. त्याला नीतिमत्तेची झूल चढवली, तिथे जयप्रकाश बरोबर ठरतात.

मार्च २०२२मध्ये युक्रेनच्या ठरावावर भारत पुन्हा तटस्थ राहिला, तेव्हा मात्र परराष्ट्रमंत्र्यांनी रशियन तेलखरेदीचे समर्थन देशहिताच्या भाषेत उघडपणे केले. अमेरिकेने हात आखडता घेतल्यावर बोकारोचा कारखाना रशियाकडे कसा गेला आणि त्याची राजकीय किंमत कोणी मोजली, ते पुढच्या आठवड्यात.