उंबऱ्यावरचा अधिकार

शेजारच्या संडासाचं पाणी गल्लीत येतं, हे गाऱ्हाणं भोकरसारख्या गावात फिरून फिरून एकाच माणसापाशी येतं: नगरपरिषदेचा स्वच्छता निरीक्षक. सकाळी सफाई कामगारांची हजेरी, मग घंटागाड्या, तुंबलेल्या नाल्या, बाजारानंतरचा कचरा. एवढं उरकून त्यानं दुसऱ्याच्या आवारात शिरायचं, पंचनामा करायचा, नोटीस द्यायची. हा अधिकार त्याला कोणी दिला, एवढंच शोधायला संपादकांनी सांगितलं होतं.

लिव्हरपूल शहरानं 1840 च्या दशकात थॉमस फ्रेश यांना उपद्रव निरीक्षक नेमलं, तेव्हापासून ही जागा चालत आली. भोकर ज्या मराठवाड्यात आहे, तो 1948 पर्यंत निजामाकडे होता. भोकरला आज लागू आहे तो राज्याचा 1965 चा नगरपरिषद अधिनियम. निरीक्षकाला स्वतःची सत्ता नाही. नगरपरिषदेचं, मुख्याधिकाऱ्याचं बळ त्याच्या पाठीशी असेल तेवढीच त्याची.

हे शोधता शोधता मी अडकलो ते मुंबई महापालिकेच्या 1888 च्या कायद्यापाशी. राहत्या घरात तिथे राहणाऱ्याच्या संमतीविना जायचं तर चोवीस तासांची लेखी सूचना द्या, बायकांना आडोशाला जायला वेळ द्या, घरच्या रीतिरिवाजांचा मान राखा, असं त्यात लिहिलं आहे. अवघ्या नऊ वर्षांनी पुण्यात प्लेग आला आणि प्लेग अधिकारी रँडच्या अमलाखाली गोरे सोल्जर घराघरांत घुसले. तपासणी रोगासाठीच होती. पण लोकांच्या मनात राहिली ती विटंबना, आणि 22 जूनच्या रात्री रँडवर गोळी झाडली गेली. म्हणून मला अधिकारापेक्षा त्यावरच्या या अटी मोलाच्या वाटतात. निरीक्षकाला लोक दार उघडतात ते अशा अटींच्याच भरवशावर.

आता अडचणी. सार्वजनिक उपद्रवाला जुन्या दंडसंहितेत दोनशे रुपयांपर्यंत दंड होता; 1 जुलै 2024 पासूनच्या न्याय संहितेत तो हजारापर्यंत गेला. राज्याच्या 2018 च्या प्लास्टिकबंदीत मात्र पहिल्याच गुन्ह्याला पाच हजार, आणि ती कारवाई करण्याचा अधिकार स्वच्छता निरीक्षकाला नावानिशी दिलेला. पिशवी महाग, गल्लीतली घाण स्वस्त!

त्याहून अवघड गोष्ट अशी, की कित्येकदा तुंबलेली नाली नगरपरिषदेचीच असते. निरीक्षकानं नोटीस बजावायची कोणाला? आपल्याच साहेबांना? मध्य प्रदेशातल्या रतलामच्या रहिवाशांनी अशाच उघड्या गटारांसाठी दंडाधिकाऱ्यांकडे धाव घेतली. पैसे नाहीत, असं नगरपालिका सर्वोच्च न्यायालयापर्यंत सांगत राहिली. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी 1980 मध्ये ती सबब फेटाळली.

रतलामकरांनी वापरलेलं जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम 133 आता नागरिक सुरक्षा संहितेत 152 झालं आहे. उपविभागीय दंडाधिकारी त्याखाली सशर्त आदेश काढू शकतात आणि त्या आदेशाला दिवाणी न्यायालयात आव्हान देता येत नाही. भोकरच्या माणसानं अर्ज तिथे द्यावा आणि नाली नगरपरिषदेची असेल, तर अर्जात नगरपरिषदेचंच नाव घालावं.