साखर आणि हृदयाचा ताठरपणा

मधुमेहात रक्तातील साखर फार काळ वाढलेली राहिली, की हृदयाला रक्त पुरवणाऱ्या धमन्यांत थर साचतात आणि झटका येऊ शकतो, एवढे आपण वर्गात सांगतो. ते खरेच आहे. पण १९७२ साली अमेरिकेत रुब्लर व त्यांच्या सहकाऱ्यांनी चार मधुमेही रुग्णांच्या शवविच्छेदनाचा वृत्तांत प्रसिद्ध केला. चौघांचेही हृदय दुबळे झाले होते. धमन्या मात्र फारशा तुंबलेल्या नव्हत्या. मग बिघाड कोठे होता? तो हृदयाच्या स्नायूतच होता.

हे समजण्यासाठी थोडे स्वयंपाकघरात जाऊ. बासुंदीसाठी दूध आटवताना त्याला तांबूस रंग चढतो. दुधातील साखर आणि प्रथिने यांच्यात अभिक्रिया होते, तिचा हा परिणाम. शरीरात अशी आच नसते, पण वेळ भरपूर असतो. ३७ अंशांवरही ग्लुकोज प्रथिनांना चिकटत राहते. त्यासाठी कोणतेही विकर लागत नाही. रक्तात साखर जितकी जास्त, तितके हे चिकटणे जास्त.

रक्तातील हिमोग्लोबिनलाही साखर चिकटते. तांबड्या पेशी सुमारे १२० दिवस जगतात, म्हणून साखर चिकटलेले हिमोग्लोबिन मोजले की मागच्या दोन-तीन महिन्यांचा हिशेब मिळतो. (तपासणीआधी दोन दिवस पथ्य पाळून डॉक्टरांना फसवण्याची युक्ती येथे चालत नाही!)

हिमोग्लोबिन चार महिन्यांत नवे होते. हृदयाच्या स्नायुतंतूंभोवती कोलॅजेन या प्रथिनाचे जाळे असते, ते मात्र वर्षानुवर्षे टिकते. त्याला चिकटलेली साखर हळूहळू बदलत जाऊन शेजारशेजारच्या धाग्यांना पक्के टाके घालते. टाके वाढले, की जाळे ताठर होते.

ताठर झाले म्हणून काय बिघडते? शाईचा ड्रॉपर घ्या. नव्या ड्रॉपरचा रबरी फुगा दाबून सोडला की शाई झटकन वर येते. जुना, कडक झालेला फुगा दाबता येतो, पण पूर्ववत फुलत नाही आणि शाई अर्धीच भरते. हृदयाचेही असेच आहे. विश्रांतीच्या वेळी एका ठोक्याला सुमारे ०.८ सेकंद लागतात, त्यांपैकी ०.५ सेकंद सैल पडून भरण्यात जातात. ताठर हृदय आकुंचन नीट पावते, पण भरताना अडते. मग दाब मागे फुप्फुसांपर्यंत पोचतो. जिना चढताना ठोके वाढले, की भरण्याचा वेळ आणखी घटतो आणि धाप लागते. वय झाले, असे म्हणून आपण ती सोडून देतो. शिवाय मधुमेहाने नसा बधिर झाल्या असतील, तर प्रत्यक्ष झटका आला तरी छातीत कळ येईलच असे नाही.

ब्रिटनमधील मोठ्या मधुमेह अभ्यासाच्या २००० साली प्रसिद्ध झालेल्या विश्लेषणात असे दिसले, की साखर चिकटलेल्या हिमोग्लोबिनचे प्रमाण ८ टक्क्यांवरून ७ वर यावे तसे एका टक्क्याने कमी असेल, तर हृदय निकामी होण्याचे प्रमाणही सुमारे १६ टक्क्यांनी कमी असते. मग ते ६ च्याही खाली का आणू नये? अमेरिका आणि कॅनडात तसा प्रयोग झाला. बरीच वर्षे मधुमेह आणि हृदयाचा धोका असलेल्या रुग्णांत या सक्त उपचाराच्या गटात मृत्यू जास्त झाले, आणि २००८ मध्ये तो उपचार थांबवावा लागला. म्हणूनच तरुण रुग्णासाठी ठरवलेला आकडा डॉक्टर सत्तरीच्या आजोबांना लावत नाहीत.