भगर की मगर? दुकानाच्या पाटीसाठी जाड अक्षर निवडताना



समजा, धडगावात तुमचं छोटं दुकान आहे. सातपुड्यातलं आमचूर, भगर, मोहाची फुलं, चारोळी असा माल तुम्ही विकता. माल एक नंबर. आठवडे बाजाराला तोरणमाळच्या बाजूनं, नर्मदाकाठच्या पाड्यांवरून माणसं येतात. कोणी जीपच्या टपावर, कोणी पायी. गर्दीतून जाताना तुमच्या पाटीकडे त्यांची नजर किती वेळ जाणार? दोन सेकंद, फार तर तीन. तेवढ्यात नाव वाचलं गेलं तर गिऱ्हाईक तुमचं, नाहीतर शेजारच्याचं.

म्हणून आज बोलूया जाड, ठसठशीत अक्षराबद्दल.

हे अक्षर आलं कुठून?

इंग्रजीत 'स्लॅब सेरिफ' नावाचा अक्षरप्रकार आहे. अक्षराच्या टोकाला बारीक शेपटी असते तिला सेरिफ म्हणतात. स्लॅबमध्ये ती शेपटी घराच्या जोत्यासारखी जाड आणि चौकोनी असते. 1800 नंतरच्या इंग्लंडमध्ये कारखाने वाढले, मालाच्या जाहिराती भिंतीवर लागायला लागल्या. पुस्तकातलं नाजूक अक्षर तिथं दिसेना. मग हे दणकट अक्षर आलं. यातलं 'क्लॅरेंडन' हे 1845 सालचं. म्हणजे बघा, या अक्षराचा जन्मच मुळी धंद्यासाठी झाला!

त्याचा स्वभाव गावातल्या पहिलवानासारखा. कमी बोलतो, पण उभा राहिला की सगळ्यांना दिसतो. भक्कम, जुना, भरवशाचा वाटतो. आमचूर, मसाला, अवजारं, हार्डवेअर, चहा यांना शोभतो. दागिने किंवा ब्युटी पार्लरला मात्र तो जरा जडच होतो.

देवनागरीत काय करायचं?

आपल्या अक्षराला खाली पाय नसतात, वर शिरोरेषा असते. त्यामुळे स्लॅबची नक्कल जशीच्या तशी होत नाही. तीच ताकद आपल्याकडे जाड शिरोरेषा आणि जाड काना देतात. फुकट मिळणारे आणि धंद्यासाठी वापरायला परवानगी असलेले चांगले फॉन्ट गूगल फॉन्ट्सवर आहेत:

- ग्लेगू: स्लॅब प्रकारचं इंग्रजी आणि देवनागरी एकाच फॉन्टमध्ये.
- बलू: मुंबईच्या 'एक टाइप'चा. जाड, पण गोलसर. खाऊ, किराणा यांना छान.
- मोदक: हाही 'एक टाइप'चाच. नावासारखाच गुबगुबीत. एका शब्दापुरताच वापरा.
- रोझा वन: जाड-बारीक रेषांचा, थोडा रुबाबदार.

आता खरा धोका ऐका

अक्षर जितकं जाड, तितकी आतली मोकळी जागा कमी. 'ध' आणि 'घ' यात मुख्य फरक काय? शिरोरेषेतली छोटीशी फट. 'भ' आणि 'म' यांचंही तसंच. फॉन्ट फार जाड घेतला, वर फ्लेक्सवाल्याने अक्षराला काळी बॉर्डर मारली, की फट बुजली. मग धडगावचं झालं 'घडगाव' आणि भगरची झाली 'मगर'! हसू नका. पाटी तुमची आहे, पैसे तुम्ही मोजलेत, आणि हसणार गिऱ्हाईक.

आपल्या भागात नव्यानं वाचायला शिकलेले पुष्कळ आहेत. घरी पावरी किंवा भिली बोलणाऱ्याला मराठी पाटी अक्षर लावून वाचावी लागते. त्याचा गोंधळ झाला तर तो विचारत बसत नाही, पुढे जातो.

मग हे पाच नियम पाळा

1. जाड अक्षर फक्त नावाला आणि मुख्य मालाला. पत्ता, फोन नंबर साध्या अक्षरात.
2. बोर्डवाल्यांचा ठोकताळा: दर 10 फुटांना 1 इंच उंची. 40 फुटांवरून वाचायचं असेल तर अक्षर किमान 4 इंच, तेही वरच्या-खालच्या मात्रा सोडून.
3. बॉर्डर आणि सावली टाळा. पिवळ्यावर काळं, लालवर पांढरं पुरेसं आहे.
4. छापण्याआधी ए-फोर कागदावर नाव काढा, भिंतीला लावा, लांब जा आणि घरच्यांना वाचायला सांगा. तुम्ही वाचू नका, तुम्हाला नाव माहीत आहे!
5. फ्लेक्स धडगावात छापा नाहीतर शहाद्याहून आणा, फाइल 'कर्व्ह' करूनच द्या. नाहीतर त्यांच्या कॉम्प्युटरवर फॉन्ट नसला की अक्षरं बदलतात, जोडाक्षरं तुटतात.

कायद्याचं थोडं

2022 च्या दुरुस्तीनंतर महाराष्ट्रात लहान दुकानालाही मराठी पाटी सक्तीची आहे. मराठी नाव आधी, आणि त्याची अक्षरं इतर भाषेपेक्षा लहान नकोत. म्हणजे इंग्रजी जाड, मोठं आणि मराठी कोपऱ्यात, असं चालणार नाही.

पाकिटाचं वेगळं. तिथं वजन, तारीख, घटक ही सक्तीची माहिती इंग्रजीत किंवा हिंदीत लागते, मराठी सोबत देता येते. ती माहिती जाड सजावटी अक्षरात कधीच नको. नाव पहिलवान, माहिती कारकुनासारखी: साधी, स्वच्छ, वाचता येणारी.

आता एक काम करा. आज संध्याकाळी दुकान बंद करताना रस्त्याच्या पलीकडे जा आणि पाटीचा फोटो काढा. मोबाइलवर तो अंगठ्याएवढा करून बघा. नाव वाचता आलं तर पाटी पास. नाही आलं तर नवीन फ्लेक्सच्या आधी फॉन्ट बदला.

माल तुम्ही डोंगरातून मेहनतीनं आणता. त्याचं नाव तरी लोकांना नीट वाचता येऊ द्या!