संकेतस्थळाची मोबाइल आवृत्ती

मोठ्या पडद्याच्या संगणकासाठी तयार केलेल्या संकेतस्थळातील मजकूर, चित्रे, दुवे, अर्ज इ. घटक मोबाइलच्या (भ्रमणध्वनीच्या) लहान पडद्यावर सुलभपणे वाचता व वापरता यावेत, अशा रीतीने ते पुरविण्याच्या व्यवस्थेस संकेतस्थळाची मोबाइल आवृत्ती म्हणतात. ‘आवृत्ती’ ही संज्ञा येथे दोन अर्थांनी वापरली जाते. एका अर्थाने ती मूळ संकेतस्थळाहून वेगळी, बहुधा संक्षिप्त अशी प्रत असते. दुसऱ्या अर्थाने ती त्याच मजकुराची, पडद्याच्या रुंदीप्रमाणे बदलणारी मांडणी असते. या विषयाचा इतिहास म्हणजे मुख्यतः पहिल्या अर्थाकडून दुसऱ्या अर्थाकडे झालेली वाटचाल होय. ज्याच्याजवळ मोबाइल हेच आंतरजालाचे एकमेव साधन आहे, त्या वाचकाला संपूर्ण माहिती मिळते की तिचा केवळ सारांश, हे या निवडीवर अवलंबून असते.

गरज : संगणक व मोबाइल यांत केवळ आकाराचा फरक नाही. माउसचा दर्शक एखाद्या बारीक दुव्यावर नेमका ठेवता येतो. बोटाच्या टोकाने मात्र शेजारचे दुवेही झाकले जातात. दर्शक नुसता वर नेताच उघडणाऱ्या याद्या स्पर्शपडद्यावर हमखास उघडतीलच असे नाही. मोबाइलची जोडणी रेडिओ तरंगांवर चालत असल्याने प्रत्येक विनंतीस विलंब लागू शकतो आणि जड चित्रांचा भार वाचकाच्या खर्चावर पडतो. शिवाय अनेक जुन्या संकेतस्थळांची पृष्ठे ठराविक रुंदी गृहीत धरून, कोष्टकांच्या चौकटीत बसविलेली असतात. जून २००७ मध्ये विक्रीस आलेल्या आयफोनचा पडदा ३२० पिक्सेल रुंद होता. अशी जुनी पृष्ठे दाखविता यावीत म्हणून त्याचा ब्राउझर पृष्ठाची रुंदी ९८० पिक्सेल मानून सर्व पृष्ठ सुमारे एकतृतीयांश आकारात दाखवीत असे. त्यामुळे १६ पिक्सेल उंचीचे अक्षर जेमतेम ५ पिक्सेलचे होई आणि वाचकास पृष्ठ मोठे करून डावी-उजवीकडे सरकवीत वाचावे लागे.

इतिहास : आरंभीच्या मोबाइलसाठी मूळ पृष्ठाला पर्यायी भाषाच योजण्यात आली. एरिक्सन, मोटोरोला, नोकिया व अनवायर्ड प्लॅनेट या कंपन्यांनी १९९७ मध्ये स्थापन केलेल्या संघटनेने ‘वॅप’ हा संदेशवहन-संकेत तयार केला. त्यातील पृष्ठे लहान लहान कार्डांत विभागलेली असत व एका वेळी एकच कार्ड पडद्यावर येई. जपानमध्ये एनटीटी डोकोमो कंपनीने फेब्रुवारी १९९९ मध्ये सुरू केलेल्या ‘आय-मोड’ सेवेत एचटीएमएल या पृष्ठरचना-भाषेचेच संक्षिप्त रूप वापरले होते. त्यामुळे एचटीएमएल जाणणाऱ्यांना आय-मोडची पृष्ठे तयार करणे सोपे गेले. २००२ मध्ये वॅपच्या दुसऱ्या आवृत्तीनेही एचटीएमएलच्या जवळचे रूप स्वीकारले. २००६ पासून सर्वत्र उपलब्ध झालेल्या ‘ऑपेरा मिनी’ या ब्राउझरने वेगळाच मार्ग काढला. त्यात कंपनीचा सर्व्हर मूळ पृष्ठ आणून, आटोपशीर करून मोबाइलकडे पाठवी. संकेतस्थळाच्या मालकास काहीच करावे लागत नसे.

वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियम या मानके ठरविणाऱ्या संस्थेने जुलै २००८ मध्ये मोबाइल पृष्ठांसाठी शिफारशी प्रसिद्ध केल्या. त्यांत किमान गृहीत धरलेला पडदा १२० पिक्सेल रुंद व पृष्ठाचा एकूण भार जास्तीत जास्त २० किलोबाइट होता. एकच पत्ता कोणत्याही उपकरणावर उघडला, तरी आशयाच्या दृष्टीने सारखाच अनुभव मिळावा, हे तत्त्वही त्यांत होते. हे तत्त्व साध्य करण्याची व्यवहार्य रीत ईथन मार्कॉट यांनी मे २०१० मध्ये एका लेखात मांडली. ती प्रतिसादी मांडणी या नावाने ओळखली जाते. २०११ मध्ये अमेरिकेतील ‘बॉस्टन ग्लोब’ या वृत्तपत्राने आपले संकेतस्थळ या रीतीने उभारले.

पद्धती : अस्तित्वात असलेल्या संकेतस्थळाची मोबाइल आवृत्ती पुरविण्याच्या तीन प्रमुख पद्धती आहेत.

(१) स्वतंत्र पत्ता : मोबाइलसाठी वेगळी पृष्ठे तयार करून ती वेगळ्या पत्त्यावर ठेवली जातात, अशा पत्त्याच्या आरंभी बहुधा ‘एम’ हे अक्षर असते. मोबाइलवरून मूळ पत्त्यावर आलेल्या वाचकास तिकडे वळविले जाते. दोन्ही पृष्ठे परस्परांची आहेत हे शोधयंत्रांस कळावे, म्हणून प्रत्येक पृष्ठात दुसऱ्याचा निर्देश करावा लागतो. मूळ संकेतस्थळास हात न लावता काम होते, हा या पद्धतीचा लाभ होय. तथापि मजकूर दोन ठिकाणी सांभाळावा लागतो आणि कालांतराने दोन प्रतींत तफावत पडते. वळविण्याचा नियम ढोबळ असल्यास आतील एखाद्या पृष्ठाचा दुवा उघडणारा वाचक थेट मोबाइल आवृत्तीच्या मुखपृष्ठावर जाऊन पडतो व हवे असलेले पृष्ठ त्यास सापडत नाही.

(२) एक पत्ता, भिन्न पृष्ठे : ब्राउझर प्रत्येक विनंतीबरोबर स्वतःची ओळख सांगणारी एक ओळ पाठवितो. ती वाचून सर्व्हर त्याच पत्त्यावरून मोबाइलसाठी वेगळे पृष्ठ पाठवितो. ओळखीनुसार उत्तर बदलते, असे सर्व्हरने उत्तराच्या शीर्षभागात नमूद करावे लागते; अन्यथा वाटेतील साठवण-सर्व्हर मोबाइलचे पृष्ठ संगणकास देण्याचा संभव असतो. ही ओळखही भरवशाची नसते. उदा., २०१९ पासून आयपॅडवरील सफारी ब्राउझर स्वतःची ओळख सामान्यतः मॅक संगणक म्हणून देऊ लागला.

(३) प्रतिसादी मांडणी : हीत सर्व उपकरणांना एकच एचटीएमएल पृष्ठ पाठविले जाते व मांडणी ब्राउझरमध्येच ठरते. टक्केवारीने रुंदी दिलेले स्तंभ, स्तंभाबरोबर आक्रसणारी चित्रे आणि पडद्याच्या रुंदीनुसार लागू होणारे सीएसएस (शैली-नियम) ही तिची तीन अंगे होत. अशा अटींचे मानक जून २०१२ मध्ये अधिकृत झाले. पडद्याची खरी रुंदी मानावी, असे ब्राउझरला सांगणारी एक ओळही पृष्ठाच्या आरंभी घालावी लागते. मजकूर एकाच ठिकाणी राहतो व पत्ताही बदलत नाही, म्हणून नव्या कामात ही पद्धत सर्वाधिक प्रचलित आहे. मात्र केवळ नजरेआड केलेले घटक व मोठी चित्रे बऱ्याचदा मोबाइलकडे पाठविली जातातच. म्हणून एकाच चित्राच्या निरनिराळ्या आकारांच्या प्रती ठेवून ब्राउझरला त्यांतून निवड करू दिली जाते.

जुन्या संकेतस्थळाचे रूपांतर : प्रथम पृष्ठातील घटकांचा महत्त्वानुसार क्रम ठरवावा लागतो, कारण संगणकावर शेजारी-शेजारी असलेले स्तंभ मोबाइलवर एकाखाली एक येतात. ठराविक रुंदीचे निर्देश काढून टाकले जातात. रुंद कोष्टके स्वतंत्रपणे सरकतील अशी ठेवतात किंवा प्रत्येक ओळीची वेगळी नोंद करतात. अर्जात दूरध्वनी क्रमांकाच्या रकान्यासाठी अंकांचा कळफलक उघडेल अशी सोय करतात. २०१८ मध्ये सुधारलेल्या सुगम्यता-मानकानुसार ३२० पिक्सेल रुंदीत सामान्य मजकूर आडवा न सरकविता वाचता आला पाहिजे. २०२३ च्या सुधारणेने स्पर्शस्थानांसाठी, काही अपवाद वगळता, किमान २४ × २४ पिक्सेल हे माप सांगितले. पृष्ठ मोठे करून पाहण्यास केलेली मनाई मंददृष्टी वाचकांस विशेष अडचणीची ठरते.

देवनागरी मजकूर : यूटीएफ-८ या संकेतनात साध्या रोमन अक्षरास एक, तर देवनागरी चिन्हास तीन बाइट लागतात. त्यामुळे २००८ च्या २० किलोबाइट मर्यादेत, रचनेच्या खुणा वगळूनही, देवनागरीची सुमारे पावणेसात हजार चिन्हेच मावली असती. काना, मात्रा व वेलांटी यांचीही गणना त्यांत स्वतंत्रपणे होते. पाठविताना मजकूर संक्षेपित केल्यास हा फरक बराच कमी होतो. युनिकोडपूर्व मराठी संकेतस्थळे विशिष्ट टंकावर अवलंबून असत. तो टंक मोबाइलमध्ये नसल्याने तेथे निरर्थक चिन्हे दिसत. अशा स्थळांच्या बाबतीत मजकुराचे युनिकोडमध्ये रूपांतर ही मोबाइल आवृत्तीची पहिली पायरी ठरते. मराठीत विभक्तिप्रत्यय व शब्दयोगी अव्यये शब्दास जोडून लिहितात. हे लांब शब्द अरुंद स्तंभाबाहेर जाऊ नयेत, तसेच वरच्या मात्रा व खालचे उकार कापले जाऊ नयेत, म्हणून शब्द तोडण्याचे नियम व ओळींतील अंतर स्वतंत्रपणे ठरवावे लागते.

आशयाची समानता : पूर्वी मोबाइलवरील वाचक घाईत असतो असे मानून त्याच्यासाठी मजकूर कमी केला जाई. लूक व्रोब्लेव्स्की यांनी २००९ मध्ये मांडलेल्या ‘मोबाइल प्रथम’ या विचाराने हा क्रम उलटविला : लहान पडद्यासाठी आधी रचना केल्यास अनावश्यक घटक मूळ संकेतस्थळातूनच गळून पडतात. गूगलने २०१६ मध्ये अनुक्रमणिकेसाठी मोबाइल आवृत्तीच मुख्य मानण्याचे जाहीर केले व पुढील वर्षांत ते टप्प्याटप्प्याने अमलात आणले. परिणामी मोबाइल आवृत्तीतून वगळलेला मजकूर या शोधयंत्राच्या दृष्टीने जवळजवळ नसल्यासारखाच झाला. एखाद्या कार्यालयाच्या मोबाइल आवृत्तीत अर्जाचा नमुना वा अंतिम दिनांक नसेल, तर दुसरे साधन नसलेला नागरिक त्या सेवेसच मुकतो. म्हणून मोबाइल आवृत्तीत मांडणी, क्रम व चित्रांचा आकार यांत बदल करणे योग्य मानले जाते. वाचकाला उपलब्ध होणारी माहिती मात्र दोन्हीकडे सारखीच ठेवणे आवश्यक असते.